चालती लायब्ररी बदलावी की नाही? मोमेंट जेएसच्या निमित्ताने मांडलेला हिशेब

एप्रिल २०२३, महिन्याचा शेवटचा आठवडा. सकाळी दहाच्या सुमारास एका पतसंस्थेच्या शाखाधिकारी मॅडमचा फोन आला. आवाज चढलेला होता.

"सर, काल रात्री तुमच्या सॉफ्टवेअरमधून हे कसले मेसेज गेलेत? माझ्यासमोर एक काका पासबुक घेऊन बसलेत. त्यांचा हप्ता ४ मेला आहे, आणि त्यांना मेसेज आलाय की हप्ता थकलाय, दंडव्याज लागेल."

मी नोंदी उघडून बघितल्या. काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. आणि ते एकटे नव्हते. ज्यांचा हप्ता १ ते ४ मे या दिवसांत येणार होता, त्या सगळ्यांना थकबाकीचा मेसेज गेला होता. उलट ज्यांना "तुमचा हप्ता जवळ आलाय" अशी साधी आठवण जायला हवी होती, त्यांना काहीच गेलं नव्हतं.

आदल्या दिवशी आम्ही फक्त एकच बदल केला होता. तारखा हाताळणारी मोमेंट जेएस ही जुनी लायब्ररी काढून तिच्या जागी डे जेएस ही नवी, छोटी लायब्ररी बसवली होती. बसवणारा मीच होतो.

या लेखात मला त्या चुकीपेक्षा तिच्यामागचा प्रश्न समजावून सांगायचा आहे. एखादी लायब्ररी वर्षानुवर्षं नीट चालतेय. पण ती "जुनी" झालीय असं सगळे म्हणतात. अशा वेळी ती बदलायची का, आणि हे ठरवायचं कसं?

आधी थोडी ओळख

लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणीतरी लिहून ठेवलेला, आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणारा तयार कोड. तारखांचंच बघा. "आजपासून तीन महिन्यांनी कोणती तारीख?" हा प्रश्न सोपा वाटतो, पण महिन्यांचे दिवस, लीप वर्ष, टाइम झोन, तारीख लिहिण्याच्या पद्धती हे सगळं त्यात येतं. दर वेळी स्वतः लिहीत बसण्यापेक्षा लोक लायब्ररी घेतात.

मोमेंट जेएस २०११ मध्ये आली. त्या काळी जावास्क्रिप्टमध्ये तारखांवर काम करणं म्हणजे डोकेदुखी होती. मोमेंटने ती बरीच कमी केली आणि बघता बघता ती सगळीकडे पोचली.

मग सप्टेंबर २०२० मध्ये मोमेंटच्याच टीमने जाहीर केलं, की हा प्रकल्प आता फक्त देखभालीपुरता चालेल. नवी वैशिष्ट्यं येणार नाहीत. नव्या प्रोजेक्टसाठी शक्यतो मोमेंट निवडू नका. लक्सन, डे जेएस, डेट-एफएनएस असे पर्याय बघा. कारणंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितली. लायब्ररीचा आकार मोठा आहे, आणि तिची मूळ रचना अशी आहे की आता बदलायला गेलं तर जगभरातला चालू कोड मोडेल.

पण त्याच निवेदनात आणखी एक गोष्ट होती, जी आम्ही वाचूनही न वाचल्यासारखी केली. ज्यांच्याकडे मोमेंट आधीपासून आहे आणि नीट चालतेय, त्यांना ती चालू ठेवायला योग्य कारणं असू शकतात, असंही त्यांनी लिहिलं होतं. "नव्याने घेऊ नका" आणि "असलेली काढून टाका" ही दोन वेगळी वाक्यं आहेत. आम्ही पहिलं ऐकलं आणि दुसरं अमलात आणलं.

आम्ही बदलायचं का ठरवलं?

आमच्याकडे एक खरी अडचण होती. पतसंस्थेच्या सभासदांसाठी एक वेब पान होतं, ज्यावर ते हप्ते आणि ठेवी बघतात. साध्या फोनवर, कमी रेंजमध्ये ते उघडायला वेळ लागायचा. मोमेंट सगळ्या भाषांसकट घेतली तर मिनिफाय करूनही अडीचशे किलोबाइटच्या पुढे जाते. डे जेएसचा गाभा त्या मानाने अगदी चिमुकला, दाबून पाठवला तर दोन-तीन किलोबाइटचा. शिवाय तिची फंक्शन मुद्दाम मोमेंटसारखी ठेवलेली आहेत. नाव बदला, काम झालं, असं वाटतं.

म्हणून आम्ही नाव बदललं. पण सगळीकडे बदललं. सभासदाच्या फोनवर चालणाऱ्या पानातही, आणि रात्री सर्व्हरवर एकटीच चालणाऱ्या, मेसेज पाठवणाऱ्या स्क्रिप्टमध्येही.

आता विचार करा. सर्व्हरवरच्या स्क्रिप्टला अडीचशे किलोबाइटने काय फरक पडतो? काहीही नाही. तिथे फायदा शून्य होता. धोका मात्र सगळा तिथेच होता, कारण लोकांना मेसेज तिथून जात होते. आज मागे वळून बघताना मला ही आमची सगळ्यात मोठी चूक वाटते. कोडमधली गडबड त्यानंतरची.

नेमकं काय बिघडलं?

पतसंस्थेकडून येणाऱ्या फाइलमध्ये तारखा आपल्याकडे लिहितात तशा असतात: आधी दिवस, मग महिना, मग वर्ष. म्हणजे ०४/०५/२०२३ म्हणजे ४ मे. मोमेंटला तारखेबरोबर "ही अशा क्रमाने वाच" असा साचा द्यायचा, की ती तसं वाचते.

डे जेएसलाही साचा देता येतो, पण त्यासाठी एक वेगळा प्लगइन जोडावा लागतो. गाभा लहान ठेवायचा म्हणून ती सोय बाहेर काढलेली आहे, आणि तिच्या माहितीत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. प्लगइन जोडला नसेल तर दिलेल्या साच्याकडे लक्षच दिलं जात नाही. एररही येत नाही. तारीख सरळ जावास्क्रिप्टच्या हवाली होते, आणि जावास्क्रिप्ट ती अमेरिकी पद्धतीने वाचते: आधी महिना, मग दिवस. म्हणजे ४ मेचा झाला ५ एप्रिल. एप्रिलच्या शेवटी ५ एप्रिलचा हप्ता आलेला नाही, म्हणजे थकबाकी!

आम्ही प्लगइन मुख्य ॲप्लिकेशनच्या फाइलमध्ये जोडला होता. रात्रीची स्क्रिप्ट ती फाइल वापरतच नव्हती. मग टेस्ट कशा पास झाल्या? टेस्ट चालताना सगळ्या फाइल एकाच प्रोसेसमध्ये लोड व्हायच्या. मुख्य फाइलने जोडलेला प्लगइन तिथे स्क्रिप्टलाही आयता मिळायचा. प्रत्यक्षात रात्री एकट्याने चालताना तो नव्हता.

मे महिन्याच्या तारखांचं त्या रात्री काय झालं ते बघा:

- १ ते ४ मे: वाचल्या गेल्या ५ जानेवारी ते ५ एप्रिल अशा. सगळे "थकबाकीदार".
- ५ मे: दिवस आणि महिना सारखाच, त्यामुळे योगायोगाने बरोबर.
- ६ ते १२ मे: वाचल्या गेल्या ५ जून ते ५ डिसेंबर अशा. अजून लांब आहे म्हणून मेसेज नाही.
- १३ मेपासून पुढे: तेरावा महिना नसतोच, म्हणून "अवैध तारीख". पण अवैध तारखेची तुलना कशाशीही केली तरी उत्तर "नाही" येतं, त्यामुळे स्क्रिप्ट चुपचाप पुढे गेली.

पुढे मी वर्षाचा हिशेब मांडला. साध्या वर्षातल्या ३६५ तारखांपैकी १४४ तारखांचा दिवस १ ते १२ मध्ये येतो. त्यातल्या १२ योगायोगाने बरोबर येतात आणि १३२ चुकीच्या, पण खऱ्या वाटणाऱ्या तारखा होतात. उरलेल्या २२१ अवैध ठरतात. म्हणजे ३६५ पैकी फक्त १२ तारखा बरोबर, आणि तरीही स्क्रिप्टने एकही एरर दिली नाही.

कोडला लागलेल्या सवयी

यात डे जेएसचा दोष नाही, ती सांगितल्याप्रमाणेच वागली. मोमेंटचाही नाही. गडबड होती ती आमच्या कोडला मोमेंटच्या वागण्याची जी सवय लागली होती, तिच्यात.

सॉफ्टवेअरच्या जगात याला हायरमचा नियम म्हणतात. अभियंते हायरम राइट यांच्या नावावरून तो ओळखला जातो. त्याचा आशय असा: एखादी गोष्ट पुरेसे लोक वापरायला लागले, की तुम्ही काय कबूल केलंय याला महत्त्व राहत नाही, तिचं जे जे वागणं बाहेर दिसतं, त्या प्रत्येकावर कोणीतरी विसंबून असतं.

ही घटना घडल्यावर आम्ही आमचा कोड मुद्दाम अशा सवयी शोधायच्या म्हणून पुन्हा वाचला. हे सापडलं:

१. जागच्या जागी बदल. मोमेंटमध्ये एका तारखेत पंधरा दिवस मिळवले, की ती मूळ तारीखच बदलते. डे जेएस मूळ तारखेला हात लावत नाही, नवी तारीख तयार करून परत देते. डे जेएसची पद्धत जास्त सुरक्षित आहे. पण आमच्या कोडमध्ये "मुदतीत पंधरा दिवस मिळव" एवढंच लिहून उत्तर कुठेही न साठवलेल्या ओळी होत्या. मोमेंटमध्ये त्या बरोबर चालत होत्या. डे जेएसमध्ये त्या ओळी काहीच करत नाहीत. सवलतीचे पंधरा दिवस गायब!

२. महिनाअखेर. ३१ जानेवारी २०२४ मध्ये एक महिना मिळवला तर मोमेंट २९ फेब्रुवारी देते. तेच लायब्ररी न घेता जावास्क्रिप्टच्या मूळ तारखेवर महिना वाढवून केलं, तर २ मार्च येतं, कारण "३१ फेब्रुवारी" दोन दिवस पुढे ओसंडते. हप्त्यांच्या तक्त्यात हा फरक थेट पैशांत दिसतो.

३. महिन्याचे आणि वारांचे आकडे. मोमेंट आणि डे जेएसमध्ये जानेवारी म्हणजे ०. लक्सनमध्ये जानेवारी म्हणजे १. मोमेंटमध्ये रविवार ०, लक्सनमध्ये सोमवार १ आणि रविवार ७. लक्सनचं वागणं माणसाला जास्त पटणारं आहे, पण जुन्या कोडमध्ये ठिकठिकाणी "अधिक एक" लिहून ठेवलेलं असतं, त्याचं काय?

४. मराठी. हा भाग मला सगळ्यात रंजक वाटला. मोमेंटमध्ये मराठी निवडली, की ती अंक देवनागरीत लिहिते, आणि देवनागरीत लिहिलेली तारीख परत वाचतेही. आमच्या जुन्या पावत्यांमध्ये काही तारखा अशा देवनागरी अंकांतच साठवलेल्या होत्या. कोणी मुद्दाम केलं नव्हतं, भाषा मराठी असताना तसं होऊन गेलं होतं. जावास्क्रिप्टच्या दृष्टीने "२०२१" हा आकडाच नाही, त्यामुळे त्या तारखा थेट वाचायला गेलं तर अवैध ठरतात.

शिवाय मोमेंटला आपलं सामान्यरूप कळतं. "५ तास", पण "५ तासांपूर्वी". "एक मिनिट", पण "एका मिनिटापूर्वी". संख्या आणि शब्द नुसते शेजारी ठेवणारा साचा वापरला तर "५ तास पूर्वी" असं काहीतरी दिसतं. चूक लहान आहे, पण ज्या काकांसाठी पान बनवलं त्यांना ते परकं वाटतं.

यातलं काहीही आमच्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं. स्थिर लायब्ररीचं हेच असतं. ती इतकी मुकाट्याने काम करते, की आपण तिच्यावर कशाकशासाठी विसंबून आहोत हेच विसरून जातो.

मग जुनंच धरून बसायचं का?

नाही. न बदलण्याचीही किंमत असते, आणि ती कधी कधी फार मोठी असते. फक्त ती कुठल्या बाजूने येईल हे आधी सांगता येत नाही.

लॉग४जे या जावाच्या लायब्ररीचं उदाहरण घ्या. तिच्या पहिल्या मालिकेची देखभाल ऑगस्ट २०१५ मध्ये थांबली. डिसेंबर २०२१ मध्ये "लॉग४शेल" नावाची भयंकर त्रुटी उघड झाली, ती दुसऱ्या मालिकेत. म्हणजे जुन्या मालिकेवर राहिलेले लोक त्या मुख्य त्रुटीतून सुटले, आणि अपडेट केलेल्यांची झोप उडाली. त्यांना त्या एका महिन्यात २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१ अशा एकामागून एक चार आवृत्त्या बघाव्या लागल्या. पण जुन्यावर राहिलेल्यांनी खूश होण्यासारखं काही नव्हतं. पहिल्या मालिकेत तिच्या स्वतःच्या त्रुटी होत्या, आणि देखभालच थांबल्यामुळे मूळ टीमकडून त्यांची दुरुस्ती येणार नव्हती.

ओपनएसएसएलमधली "हार्टब्लीड" ही त्रुटीही अशीच. मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीबरोबर ती आली आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. ०.९.८ आणि १.०.० या जुन्या आवृत्त्यांमध्ये ती नव्हती.

यावरून "जुनं ते सोनं" असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. लायब्ररीच्या वयावरून धोका मोजता येत नाही. खरा प्रश्न असा आहे की उद्या काही सापडलं, तर दुरुस्त करणारं कोणी आहे का?

मोमेंटच्या बाबतीत याचं उत्तर होतं: आहे. "आता नवीन काही नाही" असं जाहीर केल्यानंतरही एप्रिल २०२२ मध्ये एक सुरक्षा त्रुटी २.२९.२ मध्ये दुरुस्त झाली, आणि जुलै २०२२ मध्ये दुसरी २.२९.४ मध्ये. म्हणजे प्रकल्प थांबलाय आणि प्रकल्प बेवारस झालाय, यात फरक आहे. पहिल्याला घाई नाही, दुसऱ्याला आहे.

हिशेब कसा मांडायचा?

आता कुठलीही लायब्ररी बदलायची म्हटलं की आमच्या टीममध्ये आम्ही आधी हे प्रश्न कागदावर लिहितो:

१. आज नक्की काय त्रास आहे? "जुनी झाली" हे उत्तर चालत नाही. पान उशिरा उघडतं, अमुक त्रुटीची दुरुस्ती येणार नाही, नव्या आवृत्तीवर चालत नाही, असं बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

२. तो त्रास कुठे आहे? फायदा जिथे आहे तेवढ्याच जागी बदल करता येतो का? आमच्या बाबतीत फक्त सभासदांचं पान बदलायला हवं होतं.

३. चूक झाली तर कोणाला कळेल, आणि कधी? स्क्रीनवर चुकीची तारीख दिसली तर कोणीतरी पाच मिनिटांत सांगतं. व्याजाचा हिशेब चुकला तर तो ऑडिटपर्यंत लपून राहू शकतो. गुपचूप चुकणारी जागा सगळ्यात शेवटी बदलायची.

४. मागे फिरता येईल का? कोड परत जुना करता येतो. गेलेला मेसेज परत घेता येत नाही. नव्या लायब्ररीने डेटाबेसमध्ये चुकीच्या तारखा लिहून ठेवल्या, तर कोड मागे घेऊनही त्या तशाच राहतात.

५. नवीन लायब्ररी पाच वर्षांनी कुठे असेल? दुरून डोंगर साजरे. जावास्क्रिप्टमध्येच टेम्पोरल नावाची तारखांची नवी सोय येते आहे. मे २०२५ मध्ये फायरफॉक्स १३९ मध्ये ती आली. आज एका लायब्ररीवरून दुसरीवर आणि लवकरच तिच्यावरून टेम्पोरलवर, असं दोनदा घर बदलायचंय का, हाही हिशेबच आहे.

बदलायचंच ठरलं तर

तीन गोष्टी आम्हाला उपयोगी पडल्या.

पहिली, एकच दार ठेवा. आमच्या कोडमध्ये मोमेंट पन्नासेक फाइलमध्ये थेट वापरलेली होती. आधी आम्ही "तारीख वाच", "महिना मिळव", "सभासदाला दाखव" अशी आमची स्वतःची मोजकी फंक्शन एका फाइलमध्ये लिहिली आणि बाकी सगळ्यांना तिथूनच जायला लावलं. आत अजूनही मोमेंटच होती. पण आता बदलायचं तर एकच फाइल बदलायची.

दुसरी, दोन्ही शेजारी शेजारी चालवा. काही आठवडे उत्तर जुन्या लायब्ररीचंच वापरायचं, पण तेच काम नव्या लायब्ररीकडूनही करून घ्यायचं आणि फरक आला तर नोंद करायची. त्यातच ते हरवलेले पंधरा दिवस सापडले.

तिसरी, वर्षातली प्रत्येक तारीख तपासा. लीप वर्षाच्या ३६६ तारखा दोन्ही लायब्ररींना वाचायला द्यायच्या आणि उत्तरं ताडून बघायची. हे पंधरा ओळींचं काम आहे. मात्र जिथे जो कोड एकटा चालतो, तिथे त्याला एकट्यानेच चालवून बघायचं. हे मी आदल्या दिवशी केलं असतं, तर तो फोन आलाच नसता.

आता आमच्याकडे काय आहे?

सभासदांच्या पानावर मोमेंट नाही. तिथे ब्राउझरमध्येच असलेली तारीख दाखवण्याची सोय वापरतो. भाषा मराठी दिली की ती देवनागरी अंक देते आणि "५ तासांपूर्वी" असं नीट लिहितेही. पान हलकं झालं.

हप्ते, व्याज आणि रात्रीचे मेसेज अजून मोमेंटवर आहेत, त्या एका दारामागे. नवा आलेला प्रत्येक मुलगा विचारतो, "हे अजून मोमेंट कशाला?" त्या फाइलच्या डोक्यावर आम्ही कारण लिहून ठेवलंय: त्रास काय नाही, धोका कुठे आहे, आणि काय झालं तर आपण ती बदलू. मोमेंटच्या सुरक्षा दुरुस्त्या येणं बंद झालं, तर त्याच आठवड्यात बदलाचं काम सुरू होईल, असंही त्यात आहे.

त्या दिवशी दुपारी आम्ही जुना कोड परत चढवला, आणि ज्यांना चुकीचे मेसेज गेले होते त्या प्रत्येकाला मॅडमच्या माणसांनी स्वतः फोन करून सांगितलं. संध्याकाळी मी काकांशी बोललो, माफी मागितली. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "अहो, वीस वर्षांत एक हप्ता चुकवला नाही मी. मेसेज आला तसा रात्रभर पासबुक घेऊन बसलो होतो, माझंच काही चुकलं का म्हणून."

लायब्ररी बदलण्याचा हिशेब मांडताना किलोबाइटच्या रकान्याशेजारी आता मी ती रात्रही धरतो.